बाबांचं लाल नाक

प्रिय कॉर्मक,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या बाळाच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता म्हणून उभं राहायचं आणि बाबांना मात्र काहीतरी निमित्त सांगून घरी ठेवायचं, कारण तुझ्या बायकोच्या, शॉनाच्या, माहेरची माणसं काय म्हणतील. वा रे वा. डब्लिनला विम्याच्या कचेरीत बसून हेच शहाणपण आलं का तुला? बापाचं नाक लाल, म्हणजे बाप चोरून पितो. पबमधले टवाळ बाबांच्या कोटावरचा दारू न पिण्याच्या शपथेचा बिल्ला बघून म्हणतातच, ‘बिल्ला छातीवर, बाटली खिशात.’ त्यांना अक्कल नाही. तुझ्या शिक्षणापायी तर या घरातली मेंढरं विकली गेली.

आपल्याकडचं प्रत्येक पोर बिशपसमोर ती शपथ घेतं आणि मिसरूड फुटलं की विसरतं. तू तर त्याच्याही आधी विसरलास. बाबांनी पाळली. आई गेली त्या रात्री रिवाजाप्रमाणे शवाशेजारी जागत बसलेलं अख्खं गाव व्हिस्की ढोसत होतं, आणि हा माणूस चहाचा कप धरून कोपऱ्यात. गरम चहाने चेहरा पेटला, तर मायकलकाका डोळा मारून म्हणाला, ‘बघा, दुःखात माणसाचं खरं रूप दिसतं.’ तू हसलास. मी पाहिलं होतं.

मी त्यांना गॉलवेला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या दुखण्याला रोझेशिया म्हणतात. नीट वाच, साहेबांच्या टाळक्यात शिरतंय का बघू. ऊन, वारा, गरम चहा, तिखट, काहीही झालं की रक्त चेहऱ्याकडे धावतं. मग लाली हटत नाही, बारीक शिरा दिसू लागतात, पुरळ उठतं, आणि पुरुषांचं नाक कधी कधी जाड होत जातं. दारूने लाली भडकते खरी, पण थेंबही न घेणाऱ्यालाही हे होतं. नाताळला तू मोठ्या मनाने मुरुमांचं मलम पाठवलंस ना? मुरुमांत त्वचेची छिद्रं तेलाने बुजतात, काळे ठिपके येतात. बाबांच्या तोंडावर तसला एक ठिपका नाही. तुझ्या मलमाने सालटी निघाली, तरी ते म्हणायचे, ‘पोराने पाठवलंय, लावतो.’ आता वेगळं जेल आहे, कमी ताकदीच्या गोळ्या आहेत, उन्हासाठी क्रीम आहे. शिरांसाठी लेसर करता येतं. हे मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतं.

सोळाव्या वर्षी तुझं तोंड मुरुमांनी भरलं होतं, आठवतंय? शाळेत पोरं तुला ‘पिझ्झा’ म्हणायची. त्या कडक गोळ्यांसाठी दर महिन्याला रक्त तपासायला कोण नेत होतं तुला, एवढा रस्ता तुडवत? तेव्हा त्यांनी तुला पाहुण्यांपासून लपवलं नाही. उलट जत्रेत मुद्दाम सोबत नेलं आणि भेटेल त्याला सांगितलं, ‘हा माझा मुलगा.’ तुझ्यासारख्या कृतघ्न माणसाला मी एवढं समजावत बसलेय, याचा मला माझाच राग येतो.

पण लिहायचं कारण वेगळंच. तुझ्या पत्रातलं अवाक्षरही मी त्यांना सांगितलेलं नाही. आपल्यालाही बोलावलंय असंच त्यांना वाटतंय. काल ते औषधाच्या दुकानातून एक हिरवी क्रीम घेऊन आले. लाली झाकायला बायका लावतात ती. सगळा जन्म मेंढरांमागे काढलेला माणूस आरशापुढे उभा राहून विचारत होता, ‘बघ गं, नीट पसरलीय का? कॉर्मकला चारचौघांत खाली बघायला नको.’ मी ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसून काढलं आणि म्हटलं, ‘काही गरज नाही, बाबा.’ रविवारी आम्ही दोघं येतोय. त्यांना अडवायचंच असेल तर चर्चच्या दारात बाळाला कडेवर घेऊन तू स्वतः उभा राहा, आणि धर्ममाता दुसरी शोधून ठेव.

अजून तरी तुझीच,
फिनोला