पायाचा अंगठा

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! घर आटोपशीर आहे: पुढे फाटक, स्वयंपाकघराला मोठी खिडकी आणि प्रत्येकाला स्वतःची खोली. थोरल्या बहिणीला फोनवर म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा घराची मालकीण झालेय, तीही दुसऱ्यांच्या घराची. ती म्हणाली, आता तरी लवकर उठायला शीक.

दुपारी मी सांभाळायची ती माझी तीन माणसं आली, गतिमंदांच्या बंद झालेल्या मोठ्या संस्थेतून, कपड्यांची एकेक पिशवी घेऊन. मास्तर वयस्कर, वर्तमानपत्र उलटं धरून गंभीरपणे वाचतात. दादा अंगानं दांडगे, पण जोरात बोललं तरी डोळ्यांत पाणी. आणि चाळिशीची चिमणी, लहानपणापासून तिथेच वाढलेली, तोंडाला म्हणून विश्रांती नाही. तिनं आल्याआल्या दाराची कडी आतून लावली, काढली, पुन्हा लावली. तिथे आतून कडीच नव्हती म्हणे. संध्याकाळभर तिचा तोच उद्योग. मला भरून आलं.

मंगळवार, ५

सकाळी कुणी उठेना. डोळे टक्क उघडे, पण अंथरुणातून हलायचं नाव नाही. शेवटी चिमणीनं मला समजावलं, मी ढ असल्यासारखं. संस्थेच्या प्रमुख, मोठ्या बाई, सकाळी येऊन फिनेलचा वास येणाऱ्या हातांनी प्रत्येकाच्या पायाचा अंगठा दाबायच्या. एकदा दाबला की उठायचं. दोनदा दाबला की पडून राहायचं, त्या पुन्हा येईपर्यंत. मग जेवण नाही, काही नाही. मोठ्या बाई गेल्या वर्षीच वारल्या, तरी नियम सुटलेला नाही.

चहा निवत होता. म्हटलं, चार दिवस चालवून घेऊ. सगळ्यांचे अंगठे दाबले, पटापट उठले बिचारे. जुन्या सवयी नव्या घरात आणू नका, असं प्रशिक्षणात कानीकपाळी ओरडले होते. पण ओरडणाऱ्यांना कुठे सकाळचा चहा करायचा होता?

रविवार, १०

अंगठा दाबणं आजपासून बंद. चिमणीची धाकटी बहीण पुढच्या रविवारी येणार आहे, तिला कायमची आपल्या घरी न्यायला. अट एकच. चिमणीनं आपलं आपण उठायला हवं, कारण बहीण पहाटेच कामावर जाते. चिमणी दिवसभर विचारत होती, जमेल ना ताई? म्हटलं, न जमायला काय झालं!

मंगळवार, १२

मी उठायच्या आत तिघंही टेबलाशी. केस ओले, भांग चोपून पाडलेले. मी खुशीत टाळ्या वाजवल्या. कुणी हसलं नाही. दादांना विचारलं, आपले आपण उठलात ना? त्यांनी मान हलवली. नाही. अंगठा दाबला म्हणाले.

मी दाबलेला नाही.

बुधवार, १३

मास्तर उठत नाहीत. डॉक्टर पाहून गेले. म्हणाले, पाय ठणठणीत आहेत, हट्ट असेल. मास्तर हट्टी नाहीत. वर्तमानपत्र दिलं तर त्यांनी तोंडावर ओढून घेतलं. चिमणी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, त्यांना दोनदा दाबला.

घरभर फिनेलचा वास येतोय. मी फिनेल आणलेलंच नाही.

शुक्रवार, १५

दादाही. ऑफिसात फोन केला. तुम्ही दमला असाल म्हणाले, सोमवारी कुणालातरी पाठवतो. सोमवारी! चिमणीला माझ्या खोलीत घेतलंय. आतून कडी लावली, तर म्हणाली, बाईंना कडी अडवत नाही. मग हळूच — बाईंना इथली वाट माहीत नव्हती ताई. तुम्ही अंगठा दाबलात, तेव्हा कळली.

मी हसण्यावारी नेलं.

शनिवार, १६

चिमणी मोजे घालून, वर माझे बूट घालून झोपली होती. सकाळी तिच्या पायाशी पांघरूण उचललं गेलं. मी पाहिलं. कुणी नव्हतं. बुटांवरून काहीतरी चाचपत — मी किंचाळले. चिमणी उठून बसली. आपली आपण! दोघी रडलो. आता फक्त उद्याची सकाळ.

रविवार, १७

उजाडलं. चिमणी उठली, आपली आपण. तिनंच मला हाक मारून जागं केलं. फाटक वाजलं, बहीण आली. म्हटलं, जा, कडी तूच काढ. मागे वळू नकोस. बहिणीला सांग, माणसं बोलाव, मास्तरांना न् दादांना उचलून न्या.

मीही निघणारच होते. पाय ऐकत नाहीत, कुणी अंगठा दाबल्याशिवाय उठायचंच नाही असं ठरवल्यासारखे. वही उशाशी होती म्हणून —

कडी निघाली. चिमणी बाहेर हसतेय. ताई, ताई करतेय —

फिनेल.

पायाशी गादी दबली. बूट चिमणीच्या पायात गेले. माझे पाय उघडे —

अंगठा. गार बोटं. एकदा.

एकदाच! म्हणजे उठायचं. उठते, चिमणे, आले मी, उठ—

पुन्हा