कोर्टावरचं सोयाबीन

डोणगाव, सोमवार, दिवेलागण

आमचे हे ज्या कॉलेजचे कोच आहेत, तिथली बास्केटबॉल टीम काल हरली. आज चहाच्या टपरीवर यांचाच निकाल लावणं चाललं होतं. मी भाजीची पिशवी घेऊन मागेच उभी. कोणाचं लक्ष नाही.

"पोट्टे सुधरले बे, पण कोचमंधी दम नाही."

"मंग याले काऊन ठेवता? पुढच्या साली दुसरा आणा."

"दुसऱ्या हाफात धापा टाकून राह्यले होते. प्रॅक्टिसच नाही!"

प्रॅक्टिस कुठे करायची? दसऱ्यापासून कोर्टावर सोयाबीन वाळतंय. याच टपरीवरच्या माणसांचं! सिमेंटची एवढी मोठी जागा गावात दुसरी नाही, आणि आमच्या यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. बोलणार होते, पण तशीच घरी निघाले.

घरी हे पायरीवर वाट बघत बसलेले.

"काय म्हणत होते लोकं?"

"पुढच्या साली तुम्हीच पाहिजे म्हणतात."

केवढे खुलले! तेवढ्यात आभाळ गडगडलं. यांनी ताडपत्री खांद्यावर टाकली.

"माणसं चांगले हायेत वं. त्याइचं सोयाबीन भिजन."

एकट्याला ओढवत नाही. दुसरं टोक मी धरलं.