उघडी विहीर

खापा, ८ ऑगस्ट १९७५
चि. वामनरावास धोंडबादादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.
परसातल्या विहिरीचा कठडा पावसात ढासळला. तीन पोती सिमेंट पुरेल, पण परमिटाशिवाय दुकानदार चिमूटभर देत नाही. तू परमिटाच्याच कचेरीत कारकून, म्हणून अर्ज तुझ्याकडेच धाडतो. आईला आता उजेड-अंधार तेवढाच कळतो, तेव्हा भोवती बाभळीच्या काट्या रचल्या आहेत. ती म्हणते, "पायाले काटा टोचला का समजते मले, विहीर आली." चार काटे तुझ्या साहेबाला पाठवू का, असेही विचारते.
सौ. रुखमास आशीर्वाद. आईचा हात तुझ्या डोक्यावर आहेच.
धोंडबा

नागपूर, २७ ऑगस्ट
ती. दादास शि. सा. न. वि. वि.
अर्जावर शेरा पडला : 'कुंपण असल्याने तातडी नाही.' साहेब म्हणाले, निरीक्षक पाठवतो, पण त्याला विहीर उघडी दिसली पाहिजे. तरी काट्या काढून ठेवा. भावाचा अर्ज मीच पुढे रेटला तर लोक बोट दाखवतील. आईला सांगा, साहेब मुळातच काटेरी आहेत. तिला साष्टांग नमस्कार.
आपला वामन

खापा, १४ सप्टेंबर
चि. वामनरावास आशीर्वाद.
काट्या काढल्या. निरीक्षक आला नाही. शेतावर जाताना आईला खाटेवरून उठू नको म्हणून बजावतो. ती चिडते. "काहून गा? वाम्याच्या साहेबाले इचार, म्हातारीनं परसात जावं का नाही." काट्या परत लावू का? लौकर कळव.
धोंडबा

नागपूर, २० सप्टेंबर
ती. दादास शि. सा. न.
लावू नका. तोच शेरा पुन्हा पडला तर फाईल कायमची बंद. निरीक्षक सोमवारी नक्की येतो. थोडी कळ काढावी. लोभ आहेच, तो वाढावा.
वामन

खापा, १८ ऑक्टोबर
चि. वामनरावास आशीर्वाद.
आईचे तेरावे आटोपून तू गेलास आणि मागोमाग निरीक्षक आला. विहीर उघडी पाहून त्याचे समाधान झाले. आई तिच्यात पडली त्या पंचनाम्याची नक्कल त्याने मागून घेतली. म्हणाला, आता तातडी सिद्ध झाली. काल परमिट पोचले. तीन पोती, तुझ्याच अक्षरात.
ते पाणी घरात कोणी तोंडाला लावत नाही. विहीर बुजवायला घेतली आहे. त्यालाही परवानगी लागत असेल तर साहेबांना विचारून कळव.
डोक्यावर आता माझाच हात उरला. तो आहे असे समज.
धोंडबा