बँडमागे चालला म्हणून नाकारलेल्या रसेलबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
प्रौढ स्वमग्न साहाय्य कक्ष, अंधेरी.

विषय : श्री. रसेल मिस्किटा (वय ३४) यास पंधरा दिवस निवासी केंद्रात ठेवून घेणेबाबत.
संदर्भ : ‘सेवेची गरज आढळत नाही’ असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार क्लॅरिस मिस्किटा या अंधेरीच्या गावठाणात मुलगा रसेल याच्यासह राहतात. रसेल स्वमग्न आहे. बाईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया सोमवारी ठरली असून घरात त्याला सांभाळणारे दुसरे कोणी नाही. मागणी एवढीच होती.

२. पाहणीसाठी आपले निरीक्षक श्री. सिद्धेश आले, ते नेमके बाईंच्या भाचीच्या, ॲनेटच्या, लग्नाच्या आदल्या दिवशी. आम्हा ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाआधी बँड लावून विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणतात. रसेल ढोलामागे चालत होता. साहेबांनी पाहिले, मैद्याचे गरमागरम तळलेले फुगे खाल्ले, “आँटी, हा तर झकास एन्जॉय करतोय!” म्हणाले आणि अहवाल ठोकून दिला : लाभार्थी समाजात उत्तम मिसळतो.

३. साहेबांची पाठ वळली आणि बँड थांबला. रसेल विहिरीच्या कठड्यावर कपाळ आपटू लागला. रक्त आले. शेवटी वाजंत्री जेवणावरून उठले आणि वाजवत वाजवत त्याला घरी घेऊन आले. हे अहवालात नाही. इस्पितळात बँड नेता येत नाही, हे सांगायला अर्ज करावा लागतो, याची बाईंना लाज वाटते. कोणाची, ते आपण ठरवावे.

४. मुलांची संस्था अठरा वर्षांपुढे घेत नाही, वृद्धाश्रम साठीच्या आत घेत नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. आपल्या कक्षातून सल्ला मिळाला, “ऑपरेशन पुढे ढकला ना.” दोनदा ढकलून झाले. आता डॉक्टर नाही म्हणतात.

५. सबब, केंद्रात जागा द्यावी. न दिल्यास सोमवारी सकाळी बाई रसेलला आपल्या टेबलासमोरच्या बाकावर बसवून इस्पितळात जातील. त्याला न्यायला त्या परत येतीलच, अशी हमी डॉक्टरांनीही दिलेली नाही.

संतापलेली, तरीही आपली नम्र,
(क्लॅरिस मिस्किटा)
अंधेरी, शुक्रवार

सोबत :
१. डॉक्टरांचे पत्र.
२. रसेलसंबंधी सूचना : भात आणि डाळ वेगवेगळी वाढावी. घाबरल्यास हात धरू नये, नुसते शेजारी बसावे. आई कुठे, असे तो विचारत नाही. दाराकडे बघत राहतो. तेवढे दार लावून घेऊ नये.