सहानाच्या मेंढ्या

१६ डिसेंबर, मंगळवार

आलं — सहानाचं तिकीट. मँचेस्टर ते चेन्नई, एकेरी, अठरा जानेवारी. चव्वेचाळीस हजार सहाशे. यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं, त्याचे वीस वेगळे! फुलं तीस, कोलमच्या रांगोळीचं पीठ वीस. तिकीट देवापुढं ठेवलं.

आजपासून मार्गळी, इकडचा धनुर्मास. पहाटे दारात कोलम घातला, मधे भोपळ्याचं फूल ठेवलं. शेजारीण म्हणाली, यंदाही घातलात? म्हटलं, लेकीच्या घरचं सुतक आम्हाला तीन दिवसांचं, ते कधीच फिटलं.

सुतक फिटलं. बाकी काही फिटलं नाही.

ओवेन नोव्हेंबरात गेला. जावई. वेल्सच्या डोंगरातला मेंढपाळ. आमची पोर इथल्याच वेपेरीच्या कॉलेजात जनावरांची डॉक्टर झाली, तिकडं नोकरीला गेली आणि त्याच्याशी लग्न करून तिथलीच झाली. हिवानं गोठलेल्या उतारावर त्याची क्वाड उलटली — चार जाड चाकांची मोटारसायकल असते ती. तो खाली सापडला.

तिकीट काढताना सहानाला विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणेल. देवा, पोर तेवढी घरी आण. दुसरं काही मागत नाही.

१८ डिसेंबर

जेवणं झाल्यावर फोन केला. तिथं तेव्हा नुकतं उजाडतं. ती बाहेरच निघाली होती — त्याच क्वाडवर! मी ओरडलेच — जिनं नवरा खाल्ला तिच्यावरच बसतेस?

"गाडीनं नाही खाल्लं, अम्मा. त्यानं सगळी पोती एकाच बाजूला लादली होती आणि उतार आडवा कापला. मी दोन्हीकडं सारखं बांधते. सरळ चढते, सरळ उतरते."

म्हटलं, निदान वर्ष जाऊ दे. घरात बस.

"मेंढ्यांना सुतक कळत नाही. भूक कळते."

सासरा आहे, पण त्याचे गुडघे कामातून गेलेले, खुर्चीतून डोंगर बघत बसतो. म्हणजे रोज सकाळी हिलाच जावं लागतं. गवताचे भारे न्यायचे, खुराक घालायचा, डोणीतला बर्फ फोडायचा. त्या गाडीचा ॲक्सिलरेटर अंगठ्यानं दाबायचा असतो म्हणे. अंगठा बधिर होतो, मग काखेत धरून ऊब द्यायची. लहानपणी या अंगठ्यावर मी कडू तेल लावायची, चोखायची म्हणून.

२१ डिसेंबर

आज फोनवर रडले. फार रडले. तिकिटाचं सांगून टाकलं. ती म्हणाली, बरं. मेंढ्या शेजारचा माणूस घेईल, जानेवारीअखेरीला व्यवहार होईल, तो सासऱ्याच्या हाती सोपवून येते. सासरा मग त्याच्या मुलीकडं.

"पण तू रडतेस म्हणून येतेय, अम्मा. मला यायचंय म्हणून नव्हे."

येते म्हणाली ना! मागचा अर्धा ऐकलाच नाही असं ठरवलं.

रात्री जेवण गेलं नाही.

२३ डिसेंबर

मागची खोली झाडली. तिची गादी उन्हात टाकली. पंखा कुरकुरतो, माणूस बोलावला — दीडशे मागतो. शंभरावर आला.

३० डिसेंबर, वैकुंठ एकादशी

उपास. ट्रिप्लिकेनच्या देवळात पहाटेपासून रांगेत. ओवेनच्या नावानं तुळस वाहायची होती. गुरुजींनी गोत्र विचारलं. काय सांगू? म्हटलं, मेंढपाळ होता. ते थांबले, मग म्हणाले, "चालतं मामी. पेरुमाळही कृष्ण होऊन गुरंच राखायचा." तीर्थ हातावर घातलं. बाहेर येऊन चपला सापडेनात, आणि मी चपलांसाठी रडतेय असं वाटून एक बाई दुसऱ्या शोधायला लागली.

४ जानेवारी, रविवार

हे लिहायलाच हवं.

आज सहानानं टेकडीवर पोचून क्वाड थांबवली, व्हिडिओ कॉल लावून फोन कॅरियरवर टेकवून ठेवला. चालवताना फोन नको, अशी माझी शपथ आहे. सगळीकडं पांढरं. ती हाक मारते — ही कुठली भाषा, मराठी नव्हे, तमिळ नव्हे, इंग्रजीही नव्हे — आणि पांढऱ्यातून मळकट ठिपके धावत निघतात. शेकड्यांनी. कुत्रं मागच्या भाऱ्यावर उभं, मालकासारखं.

एक मेंढी खड्ड्यात उताणी पडलेली. पोटात पिल्लं, अंगावर भिजलेली लोकर, आपलं आपल्याला उठता येत नाही. वेळेवर कुणी आलं नाही तर तशीच मरते म्हणे. सहानानं तिला कुशीवर लोटली, उभी केली आणि दोन गुडघ्यांत घट्ट धरून राहिली. म्हटलं, आता सोड की, गारठशील.

"लगेच सोडली तर परत पडते. पायांत रक्त येऊ दे."

धरून राहिली. त्या मेंढीशी काहीबाही बोलत होती. मग सोडली, तर तिनं जाता जाता हिलाच धडक दिली! सहाना बर्फात बसकण मारून हसली. नोव्हेंबरापासून ते हसू ऐकलं नव्हतं.

हेल्मेट काढलं तेव्हा कपाळावर टिकली होती. माझी नजर आधी तिथंच गेली, हे खरं.

८ जानेवारी

गोदाक्का आल्या — यांची थोरली बहीण. धाकट्या लेकीच्या, श्रीरंजनीच्या, लग्नाची पत्रिका घेऊन. अठ्ठावीस तारीख, माम्बळमचा कल्याणमंडप. मला हळदकुंकू लावलं, रवा-लाडू दिले. सहाना अठराला येते म्हटल्यावर पत्रिका नुसती हातात फिरवत बसल्या.

मग म्हणाल्या, पोर थकून येणार, आल्या आल्या गर्दी कशाला तिला? वर हसून, "तुझी डोंगरावरची लेक आली तर नवरीला कोण बघणार गं?" यांनाही हसू आलं.

जिना उतरताना माझा हात धरला. "मला काही नाही वाटत. पण मुलाकडची माणसं जुन्या वळणाची आहेत. फेब्रुवारीत येऊ दे."

आवाज इतका मऊ! भांडताही येईना.

९ जानेवारी

यांनी तिकिटाची तारीख बदलली. नऊ फेब्रुवारी. मला न विचारता. सहानाला कळवलं — तिकडचं काम सावकाश उरक, असं. ती नुसतं बरं म्हणाली.

भांडायला तोंड उघडलं. "थोड्या दिवसांचाच तर प्रश्न," हे म्हणाले.

आणि मला हायसं वाटलं. पांडुरंगा, मला — आईला — हायसं वाटलं.

१० जानेवारी

पूजा झाली नाही. दिवा लावून उठले.

१२ जानेवारी

मागच्या खोलीत जाऊन बसले. गादी, दुरुस्त पंखा, खिडकीतून समोरची भिंत. इथं बसवणार मी तिला.

श्रीरंजनीच्या लग्नाला तिला टाळलं. पुढं तिचं डोहाळजेवण. मग नवरात्र, कोलूच्या मांडलेल्या बाहुल्या बघायला बायका येतील. दर वेळी कुणीतरी मऊ आवाजात सांगेल. गोदाक्का नसतील तेव्हा मीच सांगेन — जरा आत बस, बाळा, दमली असशील. आणि ती बसेल! मी रडू नये म्हणून बसेल.

तिकडं ती हाक मारते तर अख्खी टेकडी तिच्याकडं धावत येते.

पण ती गाडी. तो उतार. तिथं तिला काही झालं तर — मी काय करू? कुणाला विचारू? देव बोलत नाही. यांना विचारावं तर टीव्हीचा आवाज वाढवतात.

१४ जानेवारी

फोनवर तोंड उघडलं की रडू येतं, म्हणून पत्र टाकलं. स्पीड पोस्टनं. यांना सांगितलं नाही. लिहिलं ते एवढंच —

सहाना, येऊ नकोस. मेंढ्या विकू नकोस. मी रडेन, ते माझं मी बघेन. तुझ्या सासऱ्यांना माझा नमस्कार. पत्र मिळाल्याचं उलट टपाली कळव.