तुझं हेतुपत्र

३ मार्च

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो. ती स्वतः कुरकुरत नाही, ते काम माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात माझी दाढ काढली, त्यामुळे तीन आठवडे भाषणं बंद होती. घर कसं शांत वाटतंय, असं वहिनी शेजारणीला सांगत होती, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

तुझं पत्र मिळालं. सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात वाफेत काढून तू निवृत्त झालीस, कायमची घरी यायला निघालीस, आणि वकिलातीतला माणूस म्हणतो, ‘बाई, नऊ वर्षांपूर्वीच तुमचं नागरिकत्व गेलंय.’ तुझा पासपोर्ट त्याच्या थोडं आधी नवा झाला होता, म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही. तू विचारतेस, ‘दादा, माझं हेतुपत्र तू कचेरीत दिलं होतंस ना? त्याची पोच कुठे आहे?’

त्याआधी कायदा समजून घे, म्हणजे राग योग्य जागी जाईल.

आपला पहिला नागरिकत्व कायदा दोन ओळींचा होता. इथे जन्मला तो इथला. लिहिणारे थकलेले होते की शहाणे, देव जाणे, पण त्याहून चांगला कायदा मी वाचलेला नाही. वीस वर्षांनी तो सुधारला, म्हणजे बिघडवला. जन्माच्या जागेऐवजी बाप आला, आणि परदेशी माणसाशी लग्न करणारी बाई सही करताच परकी ठरू लागली. आपली आत्या आठव. नवरा इथेच राहायला आला, दोघं आपल्याच गल्लीत राहिली, तरी ती अकरा वर्षं दर महिन्याला पोलीस चौकीत परकी म्हणून हजेरी द्यायची. चौकीतला हवालदार शाळेत तिच्याच वर्गात होता. तो दर वेळी विचारायचा, “मुक्काम किती दिवस?” आणि ती म्हणायची, “तुझी बदली होईपर्यंत.”

ते कलम गेलं. मग दहा वर्षांपूर्वी बाहेर राहणाऱ्यांच्या मतांची सरकारला धास्ती वाटली आणि हेतुपत्राचं कलम आलं. दहा वर्षांहून जास्त काळ परदेशी असलेल्याने वर्षाच्या आत ‘माझा नागरिक राहण्याचा हेतू आहे’ असं लिहून आपल्या गावच्या कचेरीत द्यायचं, स्वतः किंवा नातेवाइकाच्या हाती. नाही दिलं तर नागरिकत्व संपलं. आईवर प्रेम आहे हे दाखल्यानिशी कळवा, नाहीतर आई दुसऱ्याची. मी याविरुद्ध एकेचाळीस सभा घेतल्या. तीन वर्षांनी कलम रद्द झालं.

पण गेलेलं नागरिकत्व आपोआप परत आलं नाही. एकच फट ठेवली आहे. मुदतीत हेतुपत्र लिहून दिलं होतं आणि स्वतःचा दोष नसताना ते कचेरीत पोचलं नाही, एवढं सिद्ध केलं तर नागरिकत्व परत मिळतं. अर्जाची मुदत तीस एप्रिल.

पोचेचं मला आत्ता नीट सांगता येत नाही. रेकॉर्ड विभागात जाऊन बघतो. तू तब्येत सांभाळ.

तुझा दादा


१९ मार्च

ठमे,

रेकॉर्ड विभागात जाऊन आलो. तळघर, लोखंडी रॅक, एक पंखा. तिथली कारकून तिशीतली. तिने मला पाहताच ओळखलं.

“सर, फॉर्म फाडणारे तुम्हीच ना? आमच्या कॉलेजात तुमचं भाषण झालं होतं.”

“लांबलं होतं का फार?”

“शेवटची बस चुकली सर. पण चांगलं होतं.”

ती शिडीवर चढली आणि त्या वर्षाच्या तीन आवक-वह्या खाली काढल्या. बोट फिरवत एकेक पान पाहिलं. धुळीने शिंकत होती. दुसऱ्या वहीनंतर तिने विचारलं, “सर, याच कचेरीत दिलं होतं ना, नक्की?” मी म्हणालो, “तिसरी बघा.” तिने तिसरी पाहिली. नोंद नव्हती. मी आभार मानले आणि वर आलो.

नोंद नसणार हे मला जिना उतरण्याआधीच माहीत होतं. नऊ वर्षांपासून माहीत आहे.

घरी आल्यावर वहिनीला सगळं सांगितलं. तिलाही पहिल्यांदाच. ती भाजी निवडत होती, थांबली नाही.

“ती मुलगी वह्या शोधत होती तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

“बसलो होतो.”

“एक शब्द बोलला नाहीत?”

“नाही.”

“जन्मात एकदा गप्प बसलात, तेही नको तिथे. आता बसू नका. लिहा तिला.”

तर लिहितो. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. हेतुपत्राची मुदत संपायला एकोणीस दिवस होते. बस डेपोसमोरच्या मैदानात माझी सभा होती. तुझ्या धुलाईखान्यातल्या मैत्रिणीने आणून दिलेलं तुझं हेतुपत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. सभा संपवून तसाच कचेरीत जाणार होतो. व्यासपीठावर फाडायला मी हेतुपत्राचा एक कोरा फॉर्म ठेवला होता. तो उंच धरला, तेवढ्यात पुढे बसलेला एक ड्रायव्हर ओरडला, “मास्तर, कोरा कागद आमचं शेंबडं पोरही फाडतं. भरलेला फाडून दाखवा.” लोक हसले. सभा हातातून निसटते तेव्हा वक्त्याला ते सगळ्यांच्या आधी कळतं. मी आतल्या खिशात हात घातला.

तुझे चार तुकडे केले. टाळ्या खूप वेळ चालल्या. फॉर्म कुणाचा, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्या आठवड्यात मी तुला कळवलं, ‘काम झालं.’ कलम महिनाभरात कोसळेल अशी माझी खात्री होती. माझ्या भाषणांवर माझा फार विश्वास होता. दुसरा फॉर्म मागवता आला असता, पण मग पहिल्याचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. आणि तिथलं नागरिकत्व तुला दोनदा देऊ केलं, ते तू दोन्ही वेळा नाकारलंस, कारण एका माणसाला एकच देश हे मी तुला पत्रागणिक ऐकवत होतो. आज तू तिथलीही नाहीस, इथलीही नाहीस. तो कायदा अन्यायाचा होता, हे मी आजही कुठेही उभं राहून सांगेन. तुझ्या बाबतीत मात्र त्याला कामाला मी लावलं.

काल प्रतिज्ञापत्र केलं. तू हेतुपत्र मुदतीत लिहून माझ्या हाती दिलंस, मी ते जाणूनबुजून फाडलं आणि तुला खोटं कळवलं, एवढंच त्यात आहे. सोबत त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलेला फोटो जोडला. स्टुडिओवाल्याने मूळ निगेटिव्ह शोधून मोठा करून दिला. माझ्या अंगठ्याखाली तुझी सही आणि तारीख स्वच्छ वाचता येते. वकील म्हणाले, माझ्यावर खटला होऊ शकतो. होऊ दे.

चळवळीच्या लोकांनी एप्रिलमध्ये माझा सत्कार ठरवला होता. अध्यक्षांना भेटून कारणासकट नकार दिला. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “सर, हे मे महिन्यात नाही का सांगता येणार?” मी त्यांना अर्जाची मुदत सांगितली.

तुला माझ्याशी बोलावंसं वाटणार नाही. नको बोलूस. सोबत अर्ज आणि प्रतिज्ञापत्राची प्रत आहे. अर्जावर तीन ठिकाणी सही कर आणि रजिस्टर पोस्टाने थेट कचेरीत पाठव. पोच तुझ्या पत्त्यावर माग. मी जवळ राहतो, चार पावलांवर कचेरी आहे, तरी माझ्याकडे पाठवू नकोस.

तू ज्याच्या हाती दिलं होतंस,
तो तुझा भाऊ