पंचनाम्यावरची माझी सही

पनवेल, शुक्रवार, ११ नोव्हेंबर १९९४. सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.

नेमक्या त्या मिनिटाला शेजारच्या वसंत आणि माधवला पोलिसांनी धरलं. दोन पुरुष नवरा-बायकोसारखे राहतात, तीनशे सत्त्याहत्तर कलम लावा, असा ठाण्यावर आमदारांचाच फोन. निवडणूक आली की ह्यांची संस्कृती जागी होते! राहतातच मुळी ते तसे. नऊ वर्षं, माझ्या भिंतीपलीकडे, सुखानं.

हवालदार लिहून आणलेला पंचनामा घेऊन माझ्याकडे. "बाई, पंच म्हणून सही मारा."

न वाचता सही करायला मला कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी शिकवलंच नाही. वाचलं. 'अश्लील कृत्य करताना आढळले.'

"अहो, मी तुमच्या मागेच उभी होते. वसंत सुके बोंबील साफ करत होता आणि माधव नाक धरून बसला होता. बोंबील अश्लील कधीपासून झाले?"

"आमी काय करनार? साहेबांचा हुकूम हाय."

"मग साहेबांनाच पंच करा!"

तो मजकूर खोडून मी पाहिलं तेवढंच लिहिलं, बोंबलांसकट, आणि सही केली. दुसरे पंच म्हणून बोलावलेल्या गिरणीवाल्या पाटलांनीही खाली सही ठोकली. मग धरून ठेवणार कशावर? साडेबाराला दोघे सुटले! माझ्याकडेच जेवले. माधव हसता हसता रडला. मीही. किती दिवसांनी इतकी हसले!

राग मात्र जात नाही. उद्या हे पत्र स्वतः नेऊन देणार:

आमदारसाहेब, आपण काय पाहिलंत आणि कुठून, ते शुक्रवार, १८ नोव्हेंबर, दुपारी बारापर्यंत लेखी कळवावे. न कळवल्यास हाच प्रश्न आपल्या सभेत उभी राहून विचारीन. चौतीस वर्षं शिकवलं आहे. मला माईक लागत नाही.